कुस्को पाहायला जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेरूमधलं कुस्को ही इंका साम्राज्याची राजधानी. बहुतेक सहलींच्या कार्यक्रमात मात्र ते माचू पिचूच्या वाटेवरचा एका रात्रीचा मुक्काम म्हणून उरतं. त्यात दुहेरी नुकसान आहे. शहर पाहायचं राहून जातं आणि घाईघाईने उंचावर गेल्यामुळे तब्येतही बिघडते. म्हणून या पानावर आधी उंचीबद्दल लिहिलं आहे, मग शहराबद्दल. तिकिटांचे दर आणि नियम तिथे अधूनमधून बदलतात, त्यामुळे आकडे निघण्याआधी एकदा पडताळून घ्या.

कुस्को किती उंचावर आहे? आम्ही लेहला जाऊन आलोय, मग त्रास होणार नाही ना?

शहर सुमारे ३,४०० मीटरवर आहे, म्हणजे लेहपेक्षा थोडंसंच खाली. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर आहे, त्याच्या दुपटीहून जास्त. एका श्वासात मिळणारा ऑक्सिजन इथे समुद्रसपाटीच्या मानाने जवळजवळ दोन तृतीयांश असतो.

लेहला त्रास झाला नव्हता, एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. शरीराने त्या वेळी करून घेतलेली सवय काही आठवड्यांत निघून जाते आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. याउलट लेहला त्रास झाला असेल, तर कुस्कोतही होण्याची शक्यता बरीच आहे, असं समजूनच आखणी करा. रोज पळणारी, व्यायाम करणारी माणसंही यातून सुटत नाहीत. उलट पहिल्याच दिवशी जिने धडाधड चढून जाणारे तरुणच आधी आडवे होतात.

मग पहिल्या दिवशी नेमकं काय करायचं?

विमानतळावरून शहरात न शिरता थेट उरुबांबा नदीच्या खोऱ्यात उतरा. हे खोरं कुस्कोपेक्षा उंचीने खाली आहे: पिसाक सुमारे २,९७० मीटर, उरुबांबा गाव २,८७०, ओयान्तायताम्बो २,७९०. माचू पिचू तर २,४३० मीटरवरच आहे. म्हणजे खोऱ्यात दोन रात्री, मग माचू पिचू आणि शेवटी कुस्को, असा क्रम लावला की शहरात चढ-उतार करायची वेळ येईपर्यंत शरीर तयार झालेलं असतं. विमानतळावरून उरुबांबापर्यंत गाडीने दीड-दोन तास लागतात. वाटेत चिंचेरो लागतं, पण ते ३,७६० मीटरवर, कुस्कोपेक्षाही उंच आहे. तिथे पहिल्याच दिवशी उतरून भटकू नका.

शहरातलं हॉटेल आधीच ठरलेलं असेल, तर पहिला दिवस सपाटीवरच घालवा. प्लासा दे आर्मास हा मुख्य चौक आणि त्याच्या आजूबाजूचे दोन-तीन रस्ते पुरेत. जेवण हलकं आणि थोडं असू द्या, कारण इथे पचन मंदावतं. दारू आणि झोपेच्या गोळ्या पहिले दोन दिवस पूर्ण बंद ठेवा. पाणी तहानेपेक्षा थोडं जास्त प्या. पाच-सहा लिटर रिचवायची गरज नाही.

रात्री झोपेत श्वास काही सेकंद थांबतो आणि मग एकदम जोरात सुरू होतो. शेजारी झोपलेला माणूस घाबरतो, पण या उंचीवर असं बहुतेकांना होतं. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर सोबत असेल, तर ८५ ते ९२ च्या दरम्यानचे आकडे इथे सामान्य समजा. मुंबईतला ९८ चा आकडा इथे शोधू नका.

डायमॉक्स घ्यावी का? की कोकाच्या चहाने भागतं?

दोन्ही गोष्टी एका मापाने मोजू नयेत. डायमॉक्स, म्हणजे ॲसिटाझोलामाइड, हे औषध शरीराची जुळवून घेण्याची प्रक्रिया खरोखर वेगाने घडवतं. मोठ्या माणसांसाठी साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा असा डोस असतो. तो उंचावर पोहोचायच्या आदल्या दिवशी सुरू करतात आणि पोहोचल्यावर दोन दिवस चालू ठेवतात. सल्फा औषधांची ॲलर्जी, मूत्रपिंडाचा आजार किंवा गरोदरपण असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. बोटांना मुंग्या येतील, लघवीला वारंवार जावं लागेल, सोड्याची चव बेचव लागेल. हे परिणाम अपेक्षितच आहेत, गोळी त्यामुळे बंद करू नका. मात्र गोळी घरी असताना एकदा घेऊन पाहिलेली बरी.

कोकाचा चहा हॉटेलच्या दारातच ठेवलेला असतो. गरम, किंचित कडवट, तरतरी आणणारा. डोकं थोडं हलकं होतं, पण त्याने आजार टळत नाही. स्थानिक औषधाच्या दुकानात 'सोरोचे'वरच्या, म्हणजे उंचीच्या त्रासावरच्या, म्हणून मिळणाऱ्या गोळ्यांत ॲस्पिरिन आणि कॅफीन असतं. त्या डोकेदुखीवर चालतात, पण ॲस्पिरिन ज्यांना चालत नाही त्यांनी टाळाव्यात.

कोणती लक्षणं दिसली की वाट पाहत बसायचं नाही?

डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणं, थकवा: ही साधी लक्षणं पोहोचल्यावर ६ ते १२ तासांत सुरू होतात आणि विश्रांती घेतली की एक-दोन दिवसांत जातात. ती असेपर्यंत आणखी वर जायचं नाही, एवढा एकच नियम पाळायचा.

स्वस्थ बसलेलं असतानाही धाप लागणं, ओला खोकला, ओठ निळसर होणं, असंबद्ध बोलणं, सरळ रेषेत टाचेला अंगठा लावून चालता न येणं, ही मात्र धोक्याची चिन्हं. पहिल्या तीनमध्ये फुप्फुसात पाणी साठत असतं, नंतरच्या दोनमध्ये मेंदूला सूज येत असते. रात्र असली तरी दवाखाना गाठा आणि खाली उतरायची तयारी करा. हॉटेलच्या नळकांड्यातला ऑक्सिजन तात्पुरता आराम देतो. त्यावर सकाळपर्यंत ढकलणं जिवावर बेतू शकतं. रुग्णवाहिकेसाठी पेरूत १०६ हा क्रमांक आहे. प्रवास विमा घेताना त्यात उंचीवरचे आजार धरले आहेत का, हे वाचून पाहा.

व्हिसा लागतो का? आणि पिवळ्या तापाची लस?

भारतीय पासपोर्टवर पेरूचा व्हिसा लागतो. मात्र अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेन देशांचा किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला व्हिसा किंवा तिथलं कायम वास्तव्याचं कार्ड असेल, तर पर्यटनासाठी व्हिसाशिवाय प्रवेश मिळतो. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना याचा मोठा फायदा होतो. भारतातून अर्ज करायचा तर दिल्लीतल्या पेरूच्या दूतावासाकडे. मुंबईहून थेट विमान नाही. युरोपमार्गे किंवा अमेरिकामार्गे लिमाला जावं लागतं, आणि अमेरिकेत नुसतं विमान बदलायलाही त्यांचा व्हिसा हवा.

लसीबाबत बहुतेकांचा उलटा गोंधळ होतो. कुस्को शहरात उंचीमुळे पिवळ्या तापाचा धोका नाही, आणि पेरू तुमच्याकडे प्रमाणपत्र मागत नाही. मागतो तो भारत! पेरू हा पिवळ्या तापाचा देश म्हणून आपल्या यादीत आहे. तिथून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि प्रमाणपत्र नसेल, तर विमानतळावरच विलगीकरणात ठेवू शकतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं आणि मग ते आयुष्यभर चालतं. ती केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रांतच मिळते आणि तिथे नंबर लावावा लागतो. त्यामुळे तिकीट काढल्याबरोबर हे काम उरकून टाका. साठीच्या पुढच्या माणसांनी आणि अंड्याची ॲलर्जी असलेल्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं, कारण ही जिवंत विषाणूची लस आहे.

कोणता महिना चांगला?

मे ते सप्टेंबर कोरडा हंगाम. निळं आकाश, दिवसा १८-२० अंश, पण जून-जुलैत रात्री पारा शून्याजवळ येतो. जानेवारी-फेब्रुवारीत पाऊस सगळ्यात जास्त. रस्ते खचतात, रेल्वे अडते, आणि इंका ट्रेल ही पायवाट फेब्रुवारीभर बंद असते. आमच्या मते एप्रिलचा शेवट ते मे हा काळ सर्वात चांगला. डोंगर अजून हिरवे असतात आणि जून-जुलैची गर्दी सुरू झालेली नसते. महाराष्ट्रातल्या शाळांची सुट्टीही तेव्हाच असते.

लिमाहून कुस्कोला विमान की बस?

विमान सव्वा तास घेतं, बस वीस तासांहून जास्त. काही जण म्हणतात बसने हळूहळू चढलं की सवय होते. पण ती वाटेत कुस्कोपेक्षाही उंच खिंडी ओलांडते, म्हणून हा फायदा धरून चालू नका. विमान सकाळचं घ्या. कुस्कोचा विमानतळ डोंगरांच्या मधोमध आहे, हवा बिघडली की उड्डाणं लांबतात किंवा रद्द होतात, आणि दिवस सरत आला की दुसरं विमान मिळत नाही. परतीचं कुस्को-लिमा आणि लिमाहून पुढचं आंतरराष्ट्रीय विमान एकाच दिवशी ठेवणं ही जोखीम आहे. मध्ये एक रात्र लिमात काढा.

मुक्काम कुठल्या भागात करावा?

प्लासा दे आर्मास ते सान पेद्रो बाजार हा पट्टा बऱ्यापैकी सपाट आहे. सान ब्लास हा कारागिरांचा मोहल्ला दिसायला सुंदर, पण तिथे जायचं म्हणजे दगडी चढ आणि पायऱ्या. काही गल्ल्यांत गाडी दारापर्यंत जातच नाही, बॅगा उचलून न्याव्या लागतात. पहिल्या मुक्कामासाठी सपाट भाग घ्या. हॉटेल ठरवताना खोलीत हीटर आहे का आणि गरम पाणी चोवीस तास असतं का, हे दोन प्रश्न विचाराच. बहुतेक जुन्या घरांच्या हॉटेलांत खोल्या गरम करायची सोय मुळातच नसते आणि जाड भिंती रात्री थंडगार पडतात.

'बोलेतो तुरिस्तिको' म्हणजे काय? सगळं त्यात येतं का?

हे एकत्रित पर्यटन तिकीट. १६ ठिकाणांसाठी परदेशी प्रौढांना १३० सोल (सोल हे पेरूचं चलन), मुदत १० दिवस, प्रत्येक ठिकाणी एकदाच प्रवेश. त्याचे तुकडेही मिळतात, प्रत्येकी ७० सोलला:

- पहिला गट, एक दिवस: साक्सायवामान, केन्को, पुका पुकारा, ताम्बोमाचाय
- दुसरा गट, दोन दिवस: शहरातली संग्रहालयं, इंका सम्राट पाचाकुतेकचं स्मारक, लोकनृत्याचा कार्यक्रम, तिपोन आणि पिकियाक्ता
- तिसरा गट, दोन दिवस: पिसाक, ओयान्तायताम्बो, चिंचेरो, मोराय

हिशोब सोपा आहे. दोन गट हवे असतील तर १४० होतात, म्हणजे पूर्ण तिकीटच स्वस्त. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी ओळखपत्र असेल आणि वय २५ च्या आत असेल, तर पूर्ण तिकीट ७० सोलला मिळतं. साधं कॉलेजचं ओळखपत्र चालत नाही. तिकीट आवेनिदा एल सोल या रस्त्यावरच्या कार्यालयात किंवा थेट अवशेषांच्या दारात मिळतं. रोख सोल जवळ ठेवा.

आता जे यात येत नाही ते. कॅथेड्रल नाही, माचू पिचू नाही, मारासची मिठागरं नाहीत, आणि कोरिकांचाचं मंदिरही नाही. शेवटचं नीट लक्षात ठेवा, कारण कोरिकांचाच्या खालच्या बागेत, रस्त्याच्या पातळीखाली, 'कोरिकांचा संग्रहालय' नावाचं वेगळं छोटं संग्रहालय आहे आणि ते या तिकिटात येतं. तिथे तिकीट चाललं म्हणून लोक वरच्या दाराशी जातात आणि अडतात. वरच्या मंदिराचं तिकीट तिथेच वेगळं काढायचं.

साक्सायवामान आणि वरचे तीन अवशेष एका दिवसात होतात का? चालत की गाडीने?

अर्ध्या दिवसात होतात, फक्त उलट्या क्रमाने करा. टॅक्सीने किंवा पिसाककडे जाणाऱ्या सार्वजनिक गाडीने सर्वात लांबच्या ताम्बोमाचायला उतरा. ते शहरापासून साधारण आठ किलोमीटर. तिथून पुका पुकारा रस्त्याच्या पलीकडेच आहे. मग उताराने केन्को, साक्सायवामान आणि शेवटी सान ब्लासच्या पायऱ्यांनी शहरात. असं केलं की जवळजवळ सगळी चाल उताराची होते. शहरातून साक्सायवामानला पायी चढायचं म्हणजे ३,४०० वरून ३,७०० मीटर. पहिल्या दोन दिवसांत ते करू नका. दारं सकाळी सातला उघडतात, संध्याकाळी साडेपाचला बंद होतात.

वेळ वाटताना साक्सायवामानला किमान दीड तास द्या. नागमोडी वळणांच्या तीन तटबंद्या एकावर एक चढत जातात. खालच्या ओळीतल्या सर्वात मोठ्या दगडाचं वजन शंभर टनांहून जास्त असावं, असा अंदाज आहे. जे दिसतं तेही उरलेलंच आहे. स्पॅनिश लोकांनी हलवता येतील तेवढे दगड खाली नेऊन कॅथेड्रल आणि घरं बांधली, आणि जे हलवता आले नाहीत ते जागेवर राहिले. १५३६ साली इंका राजा मांको इंकाने स्पॅनिशांच्या ताब्यातल्या शहराला वेढा घातला तेव्हा इथेच घनघोर लढाई झाली, त्यात स्पॅनिश सेनानी फ्रान्सिस्को पिझारोचा भाऊ हुआन मारला गेला. समोरच्या टेकाडावर गुळगुळीत खडकाच्या नैसर्गिक घसरगुंड्या आहेत. मुलं सोबत असतील तर तिथेच त्यांचा अर्धा तास मजेत जातो.

केन्को हा कोरलेला चुनखडीचा मोठा खडक. त्याच्या पोटातल्या खोलीत दगडाचाच कापलेला ओटा आहे, आणि भर दुपारीही आत गारवा असतो. ताम्बोमाचायला डोंगरातलं झऱ्याचं पाणी दगडी पाटांतून आजही वाहतं. पुका पुकाराला पंधरा मिनिटं पुरतात.

इंकांची भिंत आणि नंतरची भिंत वेगळी ओळखायची कशी?

हे एकदा जमलं की कुस्कोत कुठलंही तिकीट न काढता दिवसभर पाहण्यासारखं सापडतं. नजर खाली ठेवा. जुन्या शहरातल्या कितीतरी घरांना खाली इंकांची दगडी भिंत, वर स्पॅनिशांची चुना लावलेली मातीच्या विटांची भिंत आणि लाकडी सज्जा, असे थर आहेत.

सांधे पाहा. दोन दगडांमध्ये चुना, माती काहीच नसतं. आपल्याकडच्या हेमाडपंती देवळांत जसे दगड चुन्याशिवाय एकमेकांत बसवलेले असतात, तीच शिस्त इथे आहे. पण हेमाडपंती बांधणीत दगड सरळ कापलेले असतात, तर इथे बऱ्याच भिंतींत दोन दगड सारखे नाहीत. प्रत्येकाला शेजाऱ्यांच्या आकाराप्रमाणे कोन पाडलेले आहेत. लोखंड इंकांकडे नव्हतं. नदीतल्या कठीण गोट्यांनी ठोकत ठोकत, पुन्हा पुन्हा बसवून पाहत हे दगड घडवले आहेत. दगडाचा दर्शनी भाग किंचित फुगीर आणि कडांशी आत गेलेला असतो. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपं ऊन पडलं की प्रत्येक दगडाभोवती सावलीची बारीक रेघ उमटते. दुपारी बाराला हे काहीच दिसत नाही. काही दगडांवर मुठीएवढे उंचवटे राहिले आहेत, बहुधा दगड हलवताना आधार म्हणून ठेवलेले.

मग भिंतीच्या बाजूला उभं राहून पाहा. ती वर जाताना आत झुकते, आणि दारं-कोनाडे खाली रुंद, वर अरुंद असतात. भूकंपात तगून राहण्यामागे हा झुकाव आणि कोरडे सांधे आहेत. दगड हलतात आणि पुन्हा आपल्या जागी बसतात. १६५० आणि १९५० च्या मोठ्या भूकंपांत वरच्या स्पॅनिश इमारती कोसळल्या, खालच्या भिंती राहिल्या.

दोन शैली लक्षात ठेवा. बहुकोनी दगडांची भिंत पाहायची तर हातुन रुमियोक गल्लीत जा. बारा कोनांचा प्रसिद्ध दगड तिथेच आहे. त्याला हात लावायला बंदी आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये एकाने त्यावर हातोडीने घाव घातले, त्याच्या खुणा आता कायमच्या राहिल्या आहेत. दुसरी शैली सारख्या उंचीच्या ओळींची, ती देवळं आणि राजवाड्यांसाठी. ती पाहायला चौकालगतची लोरेतो गल्ली गाठा. दोन्ही बाजूंना इंका भिंती आहेत, त्यातली एक पूर्वी सूर्याच्या सेवेतल्या निवडक स्त्रियांच्या वास्तूची होती आणि आज त्यामागे कॉन्व्हेंट आहे. सकाळी सातच्या सुमाराला तिथे क्वचितच कोणी असतं.

कोरिकांचात काय पाहायचं?

इंकांचं मुख्य सूर्यमंदिर. भिंतींवर सोन्याचे पत्रे होते, ते स्पॅनिशांनी काढून वितळवले आणि वर सान्तो दोमिंगोचं चर्च आणि मठ बांधला. १९५० च्या भूकंपात मठाचा बराच भाग पडला आणि झाकलेल्या इंका खोल्या उघड्या झाल्या. आत गेल्यावर मठाच्या कमानींच्या चौकाकडे नंतर वळा, आधी त्या खोल्यांत शिरा. एकापुढे एक असलेल्या खोल्यांच्या खिडक्या एका रेषेत येतात, आणि सांध्यात नखही शिरणार नाही इतकं काम बारीक आहे. बाहेर आल्यावर बागेतून वर बघितलं की गोलाकार वळलेली काळसर भिंत आणि तिच्यावर बसवलेलं चर्च एकाच नजरेत येतं. एक तास पुरतो.

कॅथेड्रल आत जाऊन पाहण्यासारखं आहे का?

हो. बांधायला जवळजवळ शंभर वर्षं लागली, १६५४ मध्ये पूर्ण झालं. मार्कोस सापाताने काढलेलं शेवटच्या भोजनाचं चित्र चुकवू नका. त्यात येशूच्या पुढ्यातल्या ताटात गिनिपिग आहे, आणि तो अँडीजमध्ये आजही सणासुदीला खातात. फोटोला आत बंदी आहे.

शाकाहारी माणसांचं काय?

उपाशी राहायची वेळ येत नाही, पण विचारायचं कसं हे माहीत हवं. 'सिन कार्ने' म्हटलं की तिथल्या माणसाला फक्त लाल मांस नको असं वाटतं, आणि ताटात कोंबडी येते. म्हणून पूर्ण वाक्य म्हणा: 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो', म्हणजे मांस, कोंबडी, मासे काही नको. अंडं नको असेल तर 'सिन वेवो'. भाज्यांचं किंवा किनुआचं सूप दिसायला शाकाहारी असतं, पण बऱ्याचदा कोंबडीच्या पाण्यात शिजवलेलं असतं. 'काल्दो दे पोयो' घातलंय का, ते विचारा. 'मान्तेका' म्हणजे बहुतेक वेळा डुकराची चरबी. भरल्या रोकोतो मिरचीत खिमा असतो.

निश्चिंत होऊन खाण्यासारखं: टपोऱ्या दाण्यांचं उकडलेलं मक्याचं कणीस आणि चीज, तऱ्हेतऱ्हेचे बटाटे, सान पेद्रो बाजारातले ताज्या फळांचे रस, ओरोपेसा गावचा मोठा गोल पाव. रस घेताना पाणी न घालता मागा. नळाचं पाणी कुठेही पिऊ नका. शहरात पूर्ण शाकाहारी उपाहारगृहंही आहेत, मुख्यतः चौक आणि सान ब्लासच्या आसपास.

घरून तयार उपमा-पोह्यांची पाकिटं नेणार असाल, तर एक गोष्ट ध्यानात घ्या. इथे पाणी साधारण ८८-८९ अंशांनाच उकळतं. पाकिटावर लिहिलेल्या वेळेच्या दीडपट वेळ झाकून ठेवा. भात आणि डाळ प्रेशर कुकरशिवाय नीट शिजत नाही. ताजी फळं, भाज्या, बियाणं पेरूत नेऊ नका.

कपडे आणि विजेचं काय?

एकावर एक घालता येतील असे पातळ थर न्या: सुती बनियन, पूर्ण बाह्यांचा शर्ट, फ्लीस, वारा-पाऊस अडवणारं जाकीट. उन्हात शर्टावर भागतं, ढग आला की लगेच कुडकुडायला होतं. रुंद काठाची टोपी, गॉगल आणि सनस्क्रीन सावळ्या कातडीलाही हवंच. हवा थंड असते, त्यामुळे कातडी भाजतेय हे संध्याकाळी कळतं. बुटांचे तळवे पकड घेणारे हवेत. शतकानुशतकं झिजलेले फरशीचे दगड पावसात साबणासारखे होतात. वीज २२० व्होल्ट आहे. आपला बारीक दोन पिनांचा चार्जर चालतो, तीन पिनांना अडॅप्टर लागतो.

पैसे आणि टॅक्सी?

रुपये तिथे बदलून मिळत नाहीत. डॉलर न्या, पण कोरे. किंचित फाटलेली नोटही परत करतात. टॅक्सीला मीटर नसतो. बसण्याआधी भाडं ठरवा आणि ते 'सोल'मध्येच ठरलंय ना, हे पक्कं करा. सुट्टी नाणी जवळ असू द्या.

गाइड घ्यावा का?

साक्सायवामान, पिसाक आणि ओयान्तायताम्बोला घ्या. माहितीफलक जवळजवळ नाहीत, आणि गाइड नसेल तर दीड तासात फक्त दगड पाहून याल. परवानाधारक गाइडकडे ओळखपत्र असतं, ते दाखवायला सांगा. भाडं माणशी की गटाचं, किती वेळ, कोणत्या भाषेत, हे सुरू करण्याआधी बोलून घ्या. शहरातल्या गल्ल्या मात्र आपल्या आपण फिरा.

खोऱ्यात स्वतःहून जाता येतं का?

सहज. पिसाकसाठी पुपुती रस्त्यावरून आणि ओयान्तायताम्बोसाठी पावितोस रस्त्यावरून 'कोलेक्तिवो' सुटतात. या छोट्या व्हॅन भरल्या की निघतात. पिसाकला तासभर लागतो. अवशेष गावाच्या बरेच वर आहेत. टॅक्सीने वरच्या दाराशी जा आणि शेतांच्या दगडी पायऱ्यांवरून चालत गावात उतरा. एका दिवसात पिसाक, ओयान्तायताम्बो, मोराय, मारास आणि चिंचेरो उरकणारी सहल घेऊ नका. प्रत्येक ठिकाणी चाळीस मिनिटंही मिळत नाहीत.

माचू पिचूचं तिकीट कधी काढायचं?

जून ते ऑगस्टसाठी निदान दोन-तीन महिने आधी, पेरूच्या संस्कृती मंत्रालयाच्या अधिकृत संकेतस्थळावर. प्रवेश ठरावीक वेळेचा आणि ठरावीक मार्गाचा असतो. पहिला मार्ग वरून देखावा दाखवतो, पण वस्तीत नेत नाही. दुसऱ्यात वरचा देखावा आणि वस्ती दोन्ही येतात. तिसरा खालच्या भागातून जातो. एकदाच जाणार असाल तर दुसरा घ्या. नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं भरा आणि मूळ पासपोर्ट सोबत न्या. आधी प्रवेशाचं तिकीट, मग त्या वेळेला जुळणारी रेल्वे, हा क्रम मोडू नका. ओयान्तायताम्बोहून रेल्वेला दीड-पावणेदोन तास, पुढे माचू पिचूच्या पायथ्याच्या आग्वास कालिएंतेस गावाहून बसने अर्धा तास. रेल्वेत मोठ्या बॅगा चालत नाहीत, त्या आधीच्या मुक्कामाच्या हॉटेलात ठेवून जा. आत स्वच्छतागृह नाही, दाराबाहेरच उरकून घ्या.

इंद्रधनुषी डोंगर कधी करावा?

हा डोंगर, म्हणजे विनिकुंका, ५,००० मीटरच्या वर आहे. कुस्कोत किमान तीन-चार रात्री काढल्या असतील, डोकं दुखत नसेल आणि कोरडा हंगाम असेल, तरच. पहाटे चारच्या आसपास निघावं लागतं. तब्येतीची शंका असेल, तर त्या दिवशी तिपोन आणि पिकियाक्ता पाहा. तिपोनला इंकांचे पाण्याचे पाट आहेत, पिकियाक्ता इंकांच्याही आधीच्या वारी लोकांचं नगर आहे, आणि दोन्हीकडे गर्दी तुरळक असते.

इंटी रायमी पाहायला मिळेल का?

इंकांचा हा सूर्योत्सव २४ जूनला असतो. हल्लीचा सोहळा १९४४ पासून होतो आणि तीन ठिकाणी चालतो: सकाळी कोरिकांचा, मग मुख्य चौक, दुपारी साक्सायवामान. पहिल्या दोन ठिकाणी उभं राहून फुकट पाहता येतं, फक्त जागा पहाटेच धरावी लागते. साक्सायवामानच्या खुर्च्यांना तिकीट असतं. त्या दिवशी साक्सायवामानचे अवशेष नेहमीसारखे पाहता येत नाहीत. त्या आठवड्यात हॉटेलांचे दर चढलेले असतात.

वयस्कर आई-वडिलांना न्यावं का?

हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असेल, तर निर्णय त्यांच्या डॉक्टरांचा. रक्तदाब, मधुमेह आटोक्यात असेल, तर खोऱ्यातला मुक्काम तीन रात्रींचा करा आणि शहरात कॅथेड्रल, कोरिकांचा, लोरेतो गल्ली एवढंच ठेवा. साक्सायवामानला टॅक्सी दारापर्यंत जाते आणि तटबंदीसमोरचं मैदान सपाट आहे. चाकाच्या खुर्चीला हे शहर अवघड आहे. गोट्यांचे रस्ते आणि उंच पायऱ्या सगळीकडे आहेत.

परत येताना काय आणावं, काय आणू नये?

अल्पाकाची लोकर आणा. ती हाताला थंड आणि जड लागते. फार हलकी आणि दहा मिनिटांत गरम होणारी असेल, तर ॲक्रिलिक समजा. रस्त्यावर लामा घेऊन उभ्या असलेल्या बायकांचा फोटो काढला की पैसे द्यावे लागतात. रक्कम आधी विचारा, ते त्यांचं पोट आहे.

कोकाची पानं, चहाच्या पुड्या, कोकाच्या गोळ्या-चॉकलेटं यातलं काहीही बॅगेत ठेवू नका. पेरूत ते कायदेशीर आहे. भारतात आणि अमेरिकेत नाही. नोकरीच्या ठिकाणी अमली पदार्थांची चाचणी होत असेल, तर परतायच्या आधीचे काही दिवस कोकाचा चहाही पिऊ नका. एका कपानेही चाचणी सकारात्मक येऊ शकते.